एक वर्षाआड नाताळ

(अमेरिकेतल्या डलूथ शहरातला जनावरांचा दवाखाना, डिसेंबर. जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत मार्लिस आणि जनेल, दोघी डॉक्टरांच्या मदतनीस.)

मार्लिस : मी एवढंच विचारलं, मुलं नाताळला घरीच आहेत ना?

जनेल : मग कुठे असणार? नाताळ आहे.

मार्लिस : नाही, परवा तुझ्या गाडीत पार्सल दिसलं. वर कोडी आणि ब्रिन, दोघांची नावं. पत्ता फार्गोचा. घरातल्या पोरांना खेळणी पोस्टाने पाठवायची नवी पद्धत निघालीय का?

जनेल : माझ्या गाडीत डोकावतेस तू?

मार्लिस : तुझ्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. उपकार करायला गेले आणि डोळे मिटायचे राहून गेले.

जनेल : ते... त्यांच्या बाबाकडे ठेवायला. तिथे गेल्यावर त्यांना खेळायला काहीतरी नको का?

मार्लिस : कागदात गुंडाळून, वर फीत बांधून?

जनेल : मार्लिस, सूप गार होतंय तुझं.

मार्लिस : होऊ दे. यंदा मी पहिल्यांदा तोंड उघडून नाताळची सुट्टी मागितली. नव्या वर्षात माझी बहीण वडिलांना ॲरिझोनाला नेतेय, कायमचं. त्यांचा इथला हा शेवटचा नाताळ. तर डॉक्टर म्हणाले, जनेलला लहान मुलं आहेत, समजून घे. आजवर समजूनच घेत आले. तुम्ही घरी नाताळच्या झाडापाशी बसता आणि मी इथे चॉकलेट खाल्लेल्या कुत्र्यांना ओकायला लावते.

जनेल : नियम मी केला का? मुलंवाल्यांना आधी, ही इथली रीतच आहे. मी यायच्या आधीपासूनची.

मार्लिस : रीत ठाऊक आहे मला. कोर्टाचीही ठाऊक आहे. माझ्या भाचीचा घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने ठरवून दिलं, एक नाताळ आईकडे, पुढचा बापाकडे. तुझ्या घटस्फोटातही तसंच ठरलं असणार. गेल्या वर्षी तू मुलांबरोबरचे नाताळचे फोटो सगळ्यांना दाखवत फिरलीस.

जनेल : मग?

मार्लिस : मग यंदा पाळी त्यांच्या बाबाची. त्याच्या मागच्या पाळीलाही तू सुट्टीवर आणि मी कामावर. कोण आहे तो?

जनेल : कोण कोण?

मार्लिस : ज्याच्याबरोबर जातेस तो. जा की, माझं काही म्हणणं नाही. पण पोरांच्या नावावर नको.

जनेल : कुणी नाही गं.

मार्लिस : मग नाताळच्या सकाळी असतेस कुठे?

जनेल : फार्गोला. मोटेलमध्ये.

मार्लिस : एकटी?

जनेल : एकटी. त्यांच्या घराजवळच आहे मोटेल. त्यांचा बाबा म्हणाला होता, मुलांनी बोलावलं तर ये. बोलावलं की लगेच जाता यावं.

मार्लिस : बोलावलं कधी?

जनेल : अजून नाही.

मार्लिस : खरं सांगतेयस? की मी गप्प बसावं म्हणून?

जनेल : मोटेलवाल्या बाईला फोन लाव हवं तर. मागच्या खेपेला तिने स्वतःच्या ताटातलं हॅम वाढलं मला.

मार्लिस : मग डॉक्टरांना तसं सांगायचं.

जनेल : काय सांगू? नाताळला माझी पोरं माझ्याजवळ नसतात? कामावर आले तर येणारा-जाणारा विचारणार, मुलं कुठायत. त्यापेक्षा खोटं सोपं वाटलं. तुझा विचारच केला नाही मी. तुला घरी कुणी नाही, असं धरून चालले.

मार्लिस : सगळेच धरून चालतात. तुझं वाईट वाटतंय मला, जनेल. आणि राग काही जात नाहीये.

जनेल : जाऊ देऊ नकोस. आजच डॉक्टरांशी बोलते. नाताळचं काम मी करते, तू वडिलांकडे जा.

मार्लिस : आणि पोरांनी बोलावलं तर? फार्गो काय इथे आहे?

जनेल : सांगावं लागेल, काम आहे म्हणून. तू वडिलांना काय सांगायचीस दरवर्षी?

मार्लिस : हेच. काम आहे.

जनेल : मग ते काय म्हणायचे?

मार्लिस : बरं म्हणायचे. फोन मात्र ठेवायचे नाहीत.