मानेतलं उधाण

पेणच्या दवाखान्यात माझ्यापुढं एकमेकींच्या ओळखीच्या दोघी भेटल्या.

"चंद्रावती, कमळाकरदादा कसं हायत गो?"

"बरं हायत. मानेची शीर आकसलेली, तिच्यात जाळी बसवली."

"मानेतून पाण्यासारखा आवाज यायचा तो?"

"व्हय. मी शेजारी निजले की खाडीला उधाण आल्यासारखं ऐकू यायचं. जाळी बसली नि थांबला."

"सुटलीस मग."

"कुठं गो? परवापास्नं परत येतोय."

"त्यांच्या मानेतून?"

"नाय. डॉक्टर म्हणतो, त्यांची मान साफ हाय. ते मिठागरावर गेले तरी घरात आवाज हायेच."

"मग तो येतो कुठनं?"

"आज सकाळी ह्यांनी माझ्या मानेला कान लावला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लुगडं बदल, पेणला जाऊ."