चाचणीचा मेल सगळ्यांना गेला

हॅलो?... हो ताई, मीच... ऐकू येतंय गं, हळू बोल...

आई ठीक आहे. अगं खरंच ठीक आहे, आत तिच्या खोलीत बसलीय... नाही, तिला काही झालेलं नाही... तो मेल? हो, तो मीच पाठवला. म्हणजे पाठवला नाही, गेला.

सांगते ना. एकेक विचार.

दुकानाचे मेल मी पाठवते, ते माहितीय ना तुला... हो, तेच दुकान. पडदे, फुलदाण्या, प्लास्टिकच्या वेली. तर गिऱ्हाइकांना मेल जायच्या आधी मी तो चार पत्त्यांवर पाठवून बघते. फोनवर नीट दिसतो का, फोटो उघडतात का, ज्याचं त्याचं नाव बरोबर पडतं का. माझा पत्ता, आमच्या मॅडमचा, तुझा आणि आईचा, चारही गिऱ्हाइकांच्या मोठ्या यादीतही आहेत... नव्हतं विचारलं तुला, खरंय. पण तू कधी उघडतेस का ते मेल... बरं, आज उघडलास.

तर आज वेलींवरच्या सवलतीचा मेल होता. मॅडमनी मजकूर काही दिला नव्हता अजून. मग मधली जागा भरायला मनात होतं ते लिहिलं मी. रविवारचं. आणि यादी निवडताना... तिथे ना, 'चाचणी'च्या बरोब्बर खाली 'सर्व ग्राहक' आहे... हो. बोट खाली गेलं.

अकरा हजार... बरोबर ऐकलंस. अकरा हजार.

परत नाही घेता येत. एकदा गेला की गेला.

काय?... हो, लिहिलंय ते सगळं खरं आहे. तुला सांगणारच होते. बाबा गेल्यावर त्यांचं औषधांचं कपाट आपण हलवलं ना, त्याच्यामागे भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. आई पलंगावर बसून दिवसभर त्याच्याकडेच बघायची. रंग देऊन घेऊ म्हटलं, नको. कॅलेंडर लावू म्हटलं, नको. आणि रविवारी खाली फाटकापाशी झाड छाटलं होतं, फांद्या तशाच पडलेल्या. आम्ही दूध घेऊन येताना ही थांबली. म्हणाली, ती घे, तिला छान बाक आहे.

हो, आपणहून. मी दुधाची पिशवी तिच्या हातात दिली आणि फांदी खांद्यावर घेतली. लिफ्टमध्ये मावेना, मग चार जिने चढलो. घरी आल्यावर तिने साल काढली, पॉलिश पेपर मारला, पुसून घेतली. त्या चौकोनावर फांदी टांगायला खिळे मी मारले. तिने वाळलेल्या शेंगा आणि पानं बांधून खाली सोडली... अगं हसली ना. माझा एक खिळा वाकला तेव्हा हसली.

म्हणून लिहिलं मी. आणि चष्म्याचंही लिहून बसले... हो, बाबांचा चष्मा ती रोज सकाळी पुसते, ते.

कळतंय मला, ताई. बटण दाबल्यावर 'अकरा हजार' हा आकडा दिसला ना, तेव्हाच कळलं काय झालं ते. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण आईची जास्त. शेजारणीला 'बरं चाललंय'च्या पुढे एक शब्द सांगत नाही ती. आणि मी तिचं सगळं घरोघर पोचवून मोकळी.

मॅडमना लगेच फोन केला. त्यांनी मेल उघडून वाचला. मग म्हणाल्या, लगेच माफीचा मेल लिहा. मी लिहायला बसले, तेवढ्यात त्यांचाच फोन, थांबा म्हणाल्या, उत्तरं आलीयत ती वाचा आधी.

दुपारपर्यंत चारशेच्या वर... नाही गं, शिव्या नाहीत. बावीस जणांनी यादीतून नाव काढून घेतलं, एकाने विचारलं फांदी किती फुटाची मिळेल. पण बाकीची... एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी लिहिलंय, बायकोचा पलंग काढला तिथे आमच्याही भिंतीवर डाग आहे, पाच महिने झाले, कुठल्या मापाचे खिळे घेऊ. मॅडम? मॅडम म्हणाल्या, वेलींचं पुढच्या आठवड्यात बघू, आधी त्यांना खिळ्यांचं माप कळवा.

हो, नोकरी आहे. आहे, आहे. पुढच्या वेळी पाठवायच्या आधी यादी मोठ्याने वाचायची, एवढंच म्हणाल्या.

आईला मी काय सांगणार, तिला मेल आलाच होता ना. जेवायच्या आधी फोन हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आली. मी खुर्चीतून उठलेच. म्हणाली, मेलमध्ये सुती दोरा काय लिहिलंस, फांदी टांगायला आपण सुतळी वापरली. सुती दोऱ्याने तेवढं वजन पेलत नाही, कोणाच्या तरी डोक्यात पडेल, आधी सगळ्यांना कळव.

शपथ. पहिलं वाक्य हेच.

मग फोन टेबलावर ठेवला. म्हणाली, चष्म्याचं कशाला लिहिलंस. मी सॉरी म्हटलं, आणि आलेल्या उत्तरांचं, त्या मास्तरांचंही सांगितलं. ती म्हणाली, बरं, लिहिलंस ते लिहिलंस, आता त्या मास्तरांचं दाखव... दाखवलं. तासभर एका बोटाने त्यांना उत्तर लिहीत होती. 'वाकलेला खिळा परत मारू नये', इथवर मी पाहिलं.

हो, सुतळीचा मेलही गेला. या वेळी सगळ्यांना, मुद्दाम. तुलाही आला असेल बघ...

थांब हं, आई हाक मारतेय... काय गं?... कोणाचा लागत नाहीये?... अगं, तिच्याशी मीच बोलतेय.

ताई, ती मघापासून तुला फोन लावतेय. सारखा बिझी येतोय म्हणते... हो, आपणहून. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच... काय बोलायचंय ते मला कसं माहीत... विचारलं. माझ्या फोनवर नको म्हणतेय. तिच्याच फोनवरून लावायचाय तिला.

रडतेस काय. अगं ऐक ना, आधी फोन ठेव... परत नंबर फिरवतेय बघ ती. ठेव ना गं.