पाटीभर माती

तुमची शेजारीण आत्ता विरजण मागायला आली, आन् मला आमचे कळंबचे तात्या आठवले.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. तात्यांच्या नव्या रानात हरभरा पिवळा पडायचा. शेतकी खात्याच्या साहेबानं एक बाटली आणून दिली. म्हणाला, "यात जिवंत जिवाणू आहेत. बियाण्याला चोळा, मुळांवर गाठी धरतील, पीक हिरवं राहील."

तात्या हसायला लागले. त्यांची बायको, आमची काकी, म्हणाली, "हसू नगा. विरजणच हाय ते. द्या हिकडं."

तिनं गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, सावलीत वाळवलं. हरभरा काळाभोर आला. काढणीच्या आधीच काकी तापानं गेली.

पुढं लोक त्या रानातली माती न्यायला यायचे, आपल्या रानात मिसळायला. तात्यांनी कधी कुणाला परत पाठवलं नाही. मी गेलो तो नेमका तिन्हीसांजेला. तात्या एकटेच ओट्यावर बसले होते.

"तात्या, पाटीभर माती न्हेऊ का?"

"आता न्हाय. दिवं लागल्यावर विरजण दिऊ न्हाय, म्हणायची ती. सकाळी ये."

मी बरं म्हणालो. त्यांच्या घरात दिवा लावायलाच कुणी नव्हतं.