जहाजावरचं कापसाचं बोंड

मंडळी, मागं उभे असलेल्यांनी पुढं या, सतरंजी मोकळी आहे. संतोषच्या फोटोला हार घालून झाला. आता बोलायलाच पाहिजे.

हदगावच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या या पेंटरनं रंगवल्या. पहिली माझ्या सायकल दुकानाची. कोपऱ्यात त्यानं चिमुकलं कापसाचं बोंड काढलं. मी म्हटलं, "अरे, मी काय कापूस विकतो का?"

"काका, ती माझी सही हाय. राहू द्या की."

राहू दिली. अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी तो जहाजावर रंगकामाला गेला. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "काका, लई मोठी पाटी मिळाली! जहाजाचं बारसं करून राहिलो."

"आणि जुनं नाव?"

"खोडलं. ज्या देशाचा कोळसा आणतो, त्यानं अणुबॉम्बची चाचणी केली. सरकारांनी त्याच्या मालावर बंदी घातली. जुन्या नावाला बंदरात कोणी घेईना."

"मग उतर तिथून."

"पासपोर्ट कप्तानाकडं हाय, काका."

आठवड्यात तो गेल्याची खबर आली. कसा गेला? कोणी सांगत नाही.

त्याला कामावर लावणारे एजंटसाहेब इथंच बसलेत. साहेब, चहा घ्या, तुम्ही पाहुणे. पण तुमचा कागद मी तीनदा वाचला. रेखानं लिहून द्यायचं, की माझा नवरा त्या जहाजावर कधी नव्हताच. मग तुम्ही देह पाठवणार. तोवर म्हणे निर्बंधांची अडचण आहे.

साहेब, बंदी कोळशावर आहे. मयतावर कधी लागली? जहाज नाव बदलून फिरतं, कोळसा विकला जातो, आणि अडकतं ते फक्त आमचं लेकरू?

बंदी घालणाऱ्यांवर माझा राग नाही. तसला बॉम्ब कुणालाच नको. पण त्या बंदीच्या आडून कोण काय झाकतंय, हे विचारायचं नाही का?

रेखा, पोरी, सही करू नको. त्यानं तुला पाठवलेला जहाजाचा फोटो मी भिंग लावून पाहिला. नव्या नावाच्या शेवटच्या अक्षराखाली बोंड आहे. तो तिथं होता. त्याची सही त्यानं करून ठेवलीय.

आता उभे राहू. दोन मिनिटं शांत. मग हाच फोटो घेऊन नांदेडला, कलेक्टर कचेरीत. सगळ्यांनी.

संतोष, लेकरा, रामराम. तुझी पाटी आम्ही वाचली.