कोऱ्या कार्डाचं दुःख

मंडळी, आज एकच प्रश्न. फुकट मिळतंय म्हणून माणसानं काय काय घ्यावं? पंगतीत दुसरा लाडू घ्यावा, हरकत नाही. पण आजार घ्यावा का? हसू नका — घेणारे आहेत! ऐका.

केरबा कासार नावाचा एक गृहस्थ. बांगड्यांचं दुकान, प्रकृती खडखडीत! सरकारनं त्याला आरोग्य विम्याचं कार्ड दिलं. घराला एकच कार्ड — वर्षाची रक्कम ठरलेली, तेवढ्यात सगळ्या घरानं भागवायचं. योजना वाईट होती का? मुळीच नाही! शेजारचा सावळा माळी छातीत कळ येऊन पडला. त्याच्या घरच्या तसल्याच कार्डावर उपचार झाले आणि आठवड्यात गडी पायी घरी आला. एरवी त्याला चौघांनी नेला असता — परत आणला नसता!

आनंद व्हावा ना? केरबाला पोटशूळ उठला. "सावळ्याचं सार्थक झालं. आपलं कार्ड कोरंच."

बायको अनसूया म्हणाली, "अहो, कोरं आहे तेच बरं. पाणी भरताना दम लागतो मला. लागलंच कधी तर असू दे."

"वय झालं तुझं," केरबा म्हणाला. स्वतः तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, बरं का!

तेवढ्यात शहरातल्या एका खासगी दवाखान्याची गाडी गावात आली. तपासणी फुकट, नेणं-आणणं फुकट, वर नाश्त्याला उपमा. केरबा ठेवणीतलं धोतर नेसून निघाला — जणू व्याह्याकडे! डॉक्टरांनी आधी काय पाहिलं? नाडी? छे! कार्ड पाहिलं. कार्डाची प्रकृती उत्तम होती. लगेच केरबाची बिघडली!

"काळजाच्या शिरा तुंबल्यात. आत जाळी बसवावी लागेल."

"सावळ्याला किती बसवल्या?" केरबानं सोबत आलेल्या गाववाल्याला विचारलं.

"एक."

"मग डॉक्टर, मला दोन बसवा."

बसवल्या! केरबा गावभर सदऱ्याची बटणं उघडी टाकून फिरला. आणि दिवाळीच्या आधी अनसूया दुकानातच कोसळली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "हृदयाची झडप गेलीय. थांबून चालणार नाही." खिडकीवरचा माणूस म्हणाला, "या घराची यंदाची रक्कम संपली. नवीन वर्ष लागलं की या." आता सांगा, झडप काय पंचांग बघून बिघडते? नियम करणाऱ्यानं घराला कार्ड एक दिलं, पण घरात काळजं किती, ते मोजलंच नाही!

केरबा खाटेपाशी मान खाली घालून बसला. अनसूया हळूच म्हणाली, "अहो, तुमच्यातली एक जाळी मला बसवतात का, विचारा ना."

थट्टा नव्हती ती. बाईला खरंच वाटलं होतं तसं. केरबा ढसाढसा रडला. दुकान विकलं, तेव्हा बाई वाचली. आज तो दुसऱ्याच्या दुकानात बांगड्या भरतो.

दवाखाना लबाड — शंभरदा लबाड! पण त्या गाडीत आपल्या पायानं चढलं कोण? उद्या तसलीच गाडी आपल्याही गावात येतेय म्हणे. पहिल्या रांगेतली मंडळी, एकदम गप्प का झालात?

असू द्या. भगवंताचं नाव घ्या. फुकट आहे, हवं तेवढं घ्या — तुम्ही घेतलं म्हणून घरच्या माणसाला कमी पडणार नाही.