वारशात आलेला हिरवा दिवा

—नाही सर, ज्या कुणी तुमच्या कानात 'खेळणं' हा शब्द घातला ना, त्याला हा कारखाना बुडवायचाच आहे. नाव सांगू नका. मला नाव नकोच आहे, या मजल्यावर अशी माणसं चिकार आहेत. बसा. मुंबईहून वापी, वापीहून सिल्वासा, एवढा प्रवास करून आलात तर अश्विनी पाटीलचं खेळणं बघूनच जा. चहा घ्या— अहो कारभारीकाका, आज तुम्ही कसे? चहा तर काळू आणतो. काय? टाकीत? आत्ता? बघा सर, हे असं आहे. साहेब येणार म्हणून गेटपाशी कुंड्या आल्या, जिन्याला रंग लागला, आणि आता सुरंगी गावच्या त्या काळूला सांडपाण्याच्या टाकीत उतरवलंय गाळ उपसायला, का, तर तुमच्या नाकाला वास लागू नये! आणि मी प्रोजेक्टर मागितला तर म्हणाले, मॅडम, लॅपटॉपवर भागवा. ठीक आहे. भागवते. काका, दारातच थांबा, कप घेऊन जा.

हे बघा, हे तुमचं लाडकं. तक्ता. पंप, बॉयलर, सर्व्हर, सेन्सर, प्रत्येकाची एक ओळ— खाली सरकवत राहा, बोट दुखेल, शेवट येणार नाही. काय कळलं? काहीच नाही. कारण वस्तू अशा सुट्या नसतातच, सर. आपली देखरेखीची प्रणाली प्रत्येक वस्तूला एका प्रकारात बसवते. सगळ्यांत वर 'उपकरण'. त्याच्या पोटी 'सेन्सर', त्याच्या पोटी 'वायू-सेन्सर'. वरच्याचे गुण खालच्याला आपोआप मिळतात— आजोबांकडून बापाला, बापाकडून पोराला. पुन्हा लिहायला लागत नाहीत. सोय आहे. पण तक्त्यात हे नातं दिसतं का? नाही दिसत. म्हणून मी चित्र केलं. ही चौकट दाबा. दाबा हो, शॉक नाही बसत!

पहिल्यांदा मी पण गाढवपणा केला, सगळ्या चौकटी, सगळ्या रेघा एकदम काढल्या— स्क्रीनवर नुसता सुताचा गुंता. आपल्या कातण खात्यात पण एवढा होत नाही. मग सामरवरणीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर रोज बसून, घरमालकाच्या टीव्हीचा आवाज ऐकत ऐकत, डोकं फोडलं आणि लक्षात आलं: एका वेळी एकच चौकट दाखवायची, आणि तिचे फक्त शेजारी. वर बाप, खाली पोरं, बाजूला ज्यांच्यावर ती अवलंबून आहे ते. शेजाऱ्यावर बोट ठेवलं की तो मधे येतो. माणूस गावात नवा आला की असंच फिरतो ना? एका घरातून दुसऱ्या घरात. घड्याळ कशाला बघताय? जेवण साडेबाराच्या आधी नाही मिळायचं, मी सांगते.

रंग? रंग शोभेला आहेत असं वाटतं तुम्हाला. वाटणारच. गडद शाईत आहे तो त्या वस्तूचा स्वतःचा गुण. फिकट आहे तो वारशात आलेला. एवढंच. एवढ्या एका गोष्टीसाठी माझे वरिष्ठ, योगेश सर, मला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'रांगोळी' म्हणाले. हसले सगळे. मी पण हसले— काय करणार? आता बघा हं, ही रांगोळी. चला, 'वायू-सेन्सर' मधे घ्या. सांडपाण्याच्या टाकीवरचे. खाली विषारी वायू साचला की यांनी ओरडायचं. 'स्थिती' काय लिहिलीय? ठीक. गेटवरच्या पडद्यावर म्हणूनच हिरवा दिवा. आणि आपल्याकडची पद्धत अशी, की हिरवं दिसलं की उतरायचं, विचारायचं नाही कुणाला. पण शाई बघा, सर. फिकट! वर जा— 'सेन्सर', फिकट. अजून वर— 'उपकरण', हां, इथे गडद. ज्या कुणी हे बनवलं त्याने आजोबांच्याच कपाळावर 'ठीक' लिहून ठेवलंय, म्हणजे जो काहीच कळवत नाही तो ठणठणीत! त्या सेन्सरांच्या वायरी अजून जोडलेल्याच नाहीत. एकदाही बोललेले नाहीत ते. तो हिरवा त्यांचा नाहीच!

तक्त्यात दिसलं असतं? जन्मात नाही. चित्रात मला गणपतीतच दिसलं, पहिल्यांदा रंग भरले त्याच दिवशी. खुर्चीतून उडालेच मी. म्हटलं, मिळालं— आता कोण रांगोळी म्हणतो बघू. काय? सांगितलं नाही का कुणाला? कुणाला सांगू? योगेश सरांना? त्यांनी तो एक शब्द खोडला असता, दोन वायरी जोडल्या असत्या आणि म्हणाले असते, झालं काम, आता चित्र कशाला? मग तुम्ही आला असतात का इथे? नसता आलात. असा एक तरी पुरावा हातात हवा होता मला, हेड ऑफिससमोर ठेवायला. आणि असं बघू नका, घाई कसली होती? टाकी दिवाळीच्या साफसफाईला उघडतात, त्याच्या आधी कुणी झाकणाला हात लावत नाही, मी चौकशी केलीय. सगळा विचार करून ठेवलाय मी. आता ही बाजूची रेघ बघा, ही खरी गंमत, हा सेन्सर ज्या पंख्यावर अवलंबून आहे तो पंखा—

सर? अहो सर!

बघितलंत काका? खुर्ची पाडून गेला माणूस. उठताना 'येतो' म्हणायची सुद्धा रीत नाही. ही असली माणसं ठरवणार माझ्या कामाचं काय करायचं! कुठे गेले, गाडीकडे?

"नाही मॅडम, टाकीकडे पळाले, काळूला वर ओढा म्हणून ओरडत. आणि मला म्हणाले, बाईंना जरा विचार, गणपती होऊन किती दिवस झाले."