अमेरिकेचा एडका

(बोरीचा माळ. मेंढरांच्या वाड्यापाशी ग्रामसेवक दिनकरराव नुकतेच सायकलीवरून उतरलेत. समोर बिरू धनगर आणि त्याची बायको कोंडाबाई.)

दिनकरराव : सोडला म्हणजे? कुठे सोडला?

बिरू : बिरोबाला सोडला. देवाचं जित्राब हाय आता ते.

दिनकरराव : अहो, आगबोटीनं आलेला एडका तो. उद्या अमेरिकन साहेब फोटो काढायला येतोय. तुम्ही दोरी धरून उभे, असा.

बिरू : देवाच्या एडक्याला दोरी लावत न्हाईत.

कोंडाबाई : पावसाळ्यात त्येचे खूर सडले, दिनकरराव. चिखलात उभंच राहीना. तवा तुमीच म्हणला व्हता, एडका मेला तर ईहीर गेली.

दिनकरराव : साहेबाची अटच तशी आहे. एडका टिकला, तर वस्तीला विहीर.

बिरू : म्हणून तर नवस बोललो. ईहिरीपायी. जगला, मग दिला. देवाला फसवू व्हय?

दिनकरराव : आणि साहेबाला फसवलंत ते?

बिरू : सायेब कुटं अंगात येतो?

दिनकरराव : बरं, आता आहे कुठे तो?

कोंडाबाई : सकाळी माणिकरावाच्या जवारीत व्हता. कोणी हाकलत न्हाई. बाया भंडारा लावायल्यात, पाया पडायल्यात. पार पिवळा झालाय.

दिनकरराव : माझ्या कागदावर पांढरा आहे.

बिरू : लय माजलाय बी. आज ग्यानबाच्या कळपात, उद्या भिवराबाईच्या. मन लागंल तिथं मुक्काम.

कोंडाबाई : आन कोकरं बगा की. समद्या शिवारात मऊ लोकरीची. बांधून ठिवला असता तर आमच्याच घरची झाली असती.

दिनकरराव : तिकडे रशियावाले ट्रॅक्टर देतायत, म्हणून या साहेबाला घाई. दाखवू त्याला कोकरं. पण एडका कुणाचा, असं विचारलं तर?

बिरू : देवाचा.

दिनकरराव : तो म्हणेल, अमेरिकेनं दिला.

बिरू : दिला म्हणायचं, आन दोरी धरून बसायचं. आमी दिला, तवा दोरी सोडली.

दिनकरराव : हे मी त्याला इंग्रजीत कसं सांगू?

बिरू : मग ऱ्हाऊ द्या.

दिनकरराव : विहिरीवर अमेरिकेच्या नावाची पाटी लावणार आहे तो. तिथंही तुम्ही बिरोबाला मधे घालाल.

कोंडाबाई : पाटी कुणाचीबी लावा, दिनकरराव. मला कुटं वाचता येतंय. पाणी तेवढं लागू द्या.